नफा १३५ लाख, तरी पगाराच्या तारखेला ओढाताण: एका फाउंड्रीचा फ्री कॅश फ्लो

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात ओतकामाचे कारखाने ओळीने उभे आहेत. त्यातलीच ही एक फाउंड्री. ट्रॅक्टर आणि पंपांसाठी लोखंडी कास्टिंग ओतायची, त्यातली काही मशीनिंग करून द्यायची. दोन भावांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. थोरल्यांना सगळा कारखाना अण्णा म्हणतो. भट्टी आणि माणसं त्यांच्याकडे. धाकटे ग्राहक सांभाळतात. त्यांची मुलगी शिकून आल्यावर हिशेब पाहायला लागली. मी बाहेरून कॉस्टिंगचं काम पाहतो, त्यामुळे पुढचं बरंचसं समोर बसून पाहिलेलं आहे. कंपनी ओळखू येऊ नये म्हणून आकडे थोडे बदलले आहेत, त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं तशीच ठेवली आहेत. सगळे आकडे लाख रुपयांत.

२०२१-२२ ची विक्री २,६०० होती, २०२२-२३ ला ३,२०० झाली. घसारा (यंत्रांच्या झिजेपोटी हिशेबात धरलेला खर्च), व्याज आणि कर यांच्या आधीचा नफा, म्हणजे एबिटडा, ३८४. घसारा ११२, व्याज ९२, कर ४५. हातात निव्वळ नफा १३५. घरात पेढे वाटावेत असं वर्ष.

अडचण

एप्रिल २०२३ मध्ये कॅश क्रेडिटचा, म्हणजे बँकेने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत उचल देणाऱ्या सीसी खात्याचा, आकडा ४०० च्या मर्यादेपैकी ३९० वर होता. वर्षापूर्वी तोच २४० होता. पगाराची तारीख आणि विजेचं बिल एकाच आठवड्यात आलं की मुलगी दोन-तीन ग्राहकांच्या पर्चेस विभागाला फोन लावून बसायची. दोन्ही भावांनी मिळून घरचे ४० कंपनीत घातले होते, ते वेगळंच.

ताळेबंदाच्या बैठकीत अण्णांनी सीएंना सरळ विचारलं, “साहेब, नफा झालाय म्हणतासा, मग पैसं गेलं कुठं?”

प्रश्न चोख होता, पण उत्तर देणारं पत्रक फायलीत नव्हतंच. कंपनी कायद्यात ‘लहान कंपनी’ गटात मोडणाऱ्या प्रायव्हेट कंपनीला कॅश फ्लो स्टेटमेंटची सक्ती नाही. त्यामुळे नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद तयार होतात, सह्या होतात, आणि ज्या कागदावर पैशाचा माग लागला असता तो बनतच नाही. माझ्या मते लहान कंपन्यांना मिळालेली ही सर्वांत महागडी सवलत आहे.

आणि नेमक्या याच महिन्यात एका मोठ्या ग्राहकाने नवी ऑर्डर देऊ केली: वर्षाला ९०० ची जादा विक्री, मशीनिंगसकट. त्यासाठी नवी मोल्डिंग लाइन आणि आणखी व्हीएमसी (संगणकावर चालणारी मशीनिंगची यंत्रं), खर्च ४२०. बँक कर्ज द्यायला तयार होती. धाकट्यांनी होकार जवळजवळ कळवलाच होता.

आधी गेल्या वर्षाचा हिशेब

नव्या ऑर्डरकडे वळण्याआधी मागच्या वर्षाची मुक्त रोकड, म्हणजे फ्री कॅश फ्लो, काढायची असं ठरलं. पद्धत अवघड नाही. कंपनीने धंद्यातून किती रोकड कमावली, त्यातली खेळत्या भांडवलात (ग्राहकांकडची येणी अधिक साठा, वजा पुरवठादारांची देणी) किती अडकली, यंत्रांवर किती गेली, आणि शेवटी भांडवल पुरवणाऱ्या सगळ्यांसाठी, म्हणजे बँक आणि मालक दोघांसाठी, काय उरलं.

व्याजपूर्व नफा: ३८४ वजा घसारा ११२ = २७२
त्यावरचा कर, २५.१६८ टक्के दराने: ६८.५
करानंतर: २०३.५
घसारा परत मिळवला: + ११२
खेळत्या भांडवलातली वाढ: − ३१०
यंत्रसामग्रीवरचा खर्च: − १६५
फ्री कॅश फ्लो: सुमारे − १५९

इथे दोन ठिकाणी लोक हमखास अडखळतात. पहिलं, कर प्रत्यक्ष भरलेला ४५ न घेता ६८.५ का घेतला? कारण आपण कर्ज डोक्यावर नाहीच असं धरून धंद्याची कमाई मोजतो आहोत. व्याजामुळे वाचलेला २३ चा कर ही कर्जाची करामत, भट्टीची नव्हे. दुसरं, घसारा परत मिळवायचा कारण त्या वर्षी तो कुणाला दिलेला नसतो. पण मिळवल्यावर त्याच दमात यंत्रखर्च वजा करायला विसरायचं नाही. नफा अधिक घसारा एवढंच करून थांबलं तर या कंपनीत २४७ दिसतात आणि सगळं आलबेल वाटतं.

बँकेने नेमकं तेच केलं होतं. कर्जफेडीची क्षमता दाखवणारा डीएससीआर काढताना नफा १३५, घसारा ११२ आणि मुदत कर्जाचं व्याज ५८ यांची बेरीज ३०५, भागिले मुद्दलाचे हप्ते ८४ आणि तेच व्याज ५८, म्हणजे १४२. उत्तर २.१५. कुठलाही बँक अधिकारी खूश होईल असा आकडा. पण त्यात खेळत्या भांडवलाने गिळलेले ३१० कुठेच दिसत नाहीत.

मग ही तूट भरली कशी? याचा माग मालकांच्या बाजूने काढला. ६८.५ ऐवजी प्रत्यक्ष भरलेला कर ४५ वजा केला की आकडा − १३६ येतो. त्यातून व्याज ९२ आणि हप्ते ८४ गेले, यंत्रांसाठीचं नवं मुदत कर्ज १२० आलं. खाली उरले − १९२. ते भरले असे: सीसीतून १५०, भावांचे ४०, बँकेतली शिल्लक २ ने कमी. बेरीज पैशाला पैसा जुळली, तेव्हा अण्णांनी कागद स्वतःकडे ओढून घेतला.

३१० अडकले कुठे

येणी ५२० वरून ७८० वर गेली होती. दिवसांत मोजताना एक काळजी घ्यावी लागते. येण्यांच्या रकमेत जीएसटी असतो, नफा-तोटा पत्रकातल्या विक्रीत नसतो. ७८० ला ३,२०० ने भागलं तर ८९ दिवस येतात, ते चुकीचे. विक्रीत १८ टक्के मिळवून भागायचं: ६२ दिवसांवरून ७५ दिवस. याच ७८० मध्ये जवळपास ११९ जीएसटीचे होते. ग्राहकाचे पैसे येवोत न येवोत, पुढच्या महिन्याच्या २० तारखेला हा कर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी, वजा करून भरावाच लागतो. वाढत्या विक्रीत ही ओढ दर महिन्याला वाढत जाते, आणि नफा-तोटा पत्रकात तिची खूणही उमटत नाही.

करार ६० दिवसांचा, मग ७५ का? मुलीने एका ग्राहकाची सगळी बिलं एकेक करून लावली, तेव्हा उलगडलं. ते लोक दिवस बिलाच्या तारखेपासून मोजत नव्हते. माल त्यांच्या स्टोअरमध्ये उतरून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, पडला की तिथून मोजणी सुरू, शिवाय पेमेंट महिन्यातून एकदाच, ठरावीक तारखेला. तारीख एका दिवसाने हुकली की बिल महिनाभर पुढे. त्यात एखाद्या बिलातल्या पाच-सात कास्टिंगमध्ये ब्लोहोल (आत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या) निघाले की डेबिट नोटचा, म्हणजे बिलातून कापायच्या रकमेचा, निकाल लागेपर्यंत अख्खं बिल अडवून ठेवायचे. पाच हजारांच्या वादापायी चार-पाच लाख अडकलेले, असे नमुने एकाहून अधिक सापडले.

साठा ३१० वरून ४२०. फेटलिंग शॉपच्या, म्हणजे कास्टिंग साफ करण्याच्या विभागाच्या, मागच्या अंगणात आम्ही सगळे चालत गेलो. ताडपत्रीखाली गंजलेल्या हाउसिंगचा ढीग होता, प्रत्येकावर खडूने पार्ट नंबर. त्यातले निम्मे नंबर ग्राहकाने केव्हाच बंद केलेल्या मॉडेलचे. हिशेबात मात्र ते २१ किमतीचा चांगला माल म्हणून बसले होते. पुरवठादारांची देणी ६० ने वाढली होती, म्हणून एकूण आकडा ३१० वर थांबला, नाहीतर ३७० झाला असता.

यंत्रखर्चाच्या १६५ पैकी ६० जुनी यंत्रं चालती ठेवण्यासाठी लागले होते, ते टळणारे नव्हते. उरलेल्या १०५ च्या दोन व्हीएमसी सप्टेंबरअखेर घाईने बसवलेल्या. कारण काय, तर वर्षात १८० दिवसांहून कमी वापरलेल्या यंत्रावर आयकरात निम्माच घसारा मिळतो. निम्मा म्हणजे १०५ वर साडेसात टक्के, ७.९. त्यावरचा कर जेमतेम २, आणि तोही वाचत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. या दोन लाखांसाठी एक कोटी पाच लाख गरजेच्या आधी खर्च झाले. मशीन्सना पुरेसं काम मिळालं ते फेब्रुवारीत.

समोरचे पर्याय

पहिला: पूर्ण ऑर्डर घ्यायची. कागदावर एबिटडा ११७, घसारा २८, कर्जाचं व्याज ३२, म्हणजे करापूर्वी ५७ चा नफा. यात खेळतं भांडवल मिसळलं की चित्र पालटतं. ९० दिवसांच्या उधारीवर जीएसटीसह २६२ येणी, ११५ साठा, वजा १२० देणी: २५७. यंत्रं धरून ६७७ घालायचे, आणि करानंतर वर्षाला साधारण १०३ मिळवायचे. फक्त यंत्रांच्या खर्चावर चार वर्षांत पैसे वसूल होत होते, तिथे साडेसहा वर्षं. ऑर्डर बंद झाली तर खेळतं भांडवल मोकळं होतं हे खरं, पण चालू असेपर्यंत ते अडकलेलंच.

दुसरा: सीसीची मर्यादा १५० ने वाढवून घ्यायची आणि बाकी आहे तसं चालू ठेवायचं. अण्णांचा कल आधी याकडेच होता. बँक देतही होती. पण यात तूट भरून निघते, थांबत नाही.

तिसरा: ऑर्डर नाकारायची. धाकटे हे ऐकायलाच तयार नव्हते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. या ग्राहकाला एकदा नकार दिला की दोन-तीन वर्षं चौकशी येत नाही.

चौथा: अर्धी ऑर्डर. ४५० ची विक्री, मशीनिंग बाहेर जॉबवर्कवर, वितळण आहे त्याच भट्टीत रात्रपाळी वाढवून. तेव्हा रात्रीच्या औद्योगिक विजेला सवलत होती, त्यामुळे इंडक्शन फर्नेस रात्री चालवणं परवडत होतं. एबिटडा साडेनऊ टक्के, म्हणजे ४३. जॉबवर्कवाल्याचा वाटा गेल्यामुळे कमी. पण यंत्रखर्च ७० आणि खेळतं भांडवल ८५, एवढ्यातच भागत होतं. करानंतर वर्षाला ३५, वसुली साडेचार वर्षांच्या आत.

टक्केवारीत नफा कमी देणारा पर्याय रोकडीत सरस ठरतो, हे दोघा भावांना पटायला दोन बैठका लागल्या. धाकट्यांचा आक्षेप असा होता की मशीनिंग बाहेर गेलं तर जॉबवर्कवाला उद्या थेट ग्राहकाकडे जाईल. तो धोका खराच होता. शेवटी अवघड दोन ऑपरेशन्स घरात ठेवायची आणि रफ मशीनिंग बाहेर द्यायचं, यावर एकमत झालं.

काय केलं

ग्राहकाला अर्धी ऑर्डर कळवताना दोन अटी घातल्या: पॅटर्नचा (साचा बनवायच्या नमुन्याचा) खर्च त्यांचा, आणि पैसे ४५ दिवसांत. पहिली मान्य झाली. दुसरीला पर्चेसवाल्यांनी हसून वाटाण्याच्या अक्षता लावल्या असत्या, पण वेळ अनुकूल होती. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमईडी कायद्यातल्या मुदतीत, म्हणजे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात वजा मिळणार नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने केली होती. कलम ४३ब(ह). ती २०२३-२४ च्या हिशेबापासूनच लागू होत होती. कंपनीचं उद्यम प्रमाणपत्र ‘लघु’ गटातलं होतं, ते प्रत्येक बिलावर छापायला सुरुवात केली. ग्राहकाच्या पर्चेसपेक्षा त्यांच्या टॅक्स विभागाने हे जास्त मनावर घेतलं.

डेबिट नोटसाठी धाकट्यांनी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवला. वाद असेल तेवढी रक्कम बाजूला, उरलेलं बिल सोडा, एवढाच आग्रह. एका ग्राहकाची बिलं ‘ट्रेड्स’ या बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर वटवायला सुरुवात केली. त्यात ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका बोली लावतात आणि पैसे काही दिवसांत येतात. व्याजाचा भुर्दंड कंपनीच्याच खिशातून, पण सीसीच्या दरापेक्षा कमी.

अंगणातला ढीग वितळवला. २१ किमतीने बसलेला माल भंगाराच्या भावाने ७ चा ठरला आणि १४ चा तोटा खर्ची पडला. अण्णांना ते जड गेलं. स्वतः ओतलेला माल परत भट्टीत टाकताना ते तिथे थांबले नाहीत.

निष्पत्ती

२०२३-२४ ची विक्री ३,४८०. हा १४ चा तोटा सोसूनही एबिटडा ४१५. घसारा ११८, व्याज ९८, कर ५०, निव्वळ नफा १४९.

व्याजपूर्व नफा २९७, त्यावरचा कर ७५, उरले २२२. घसारा ११८ मिळवला. खेळतं भांडवल फक्त ५ ने वाढलं. यंत्रखर्च १३०. फ्री कॅश फ्लो २०५.

नफा वाढला १४ ने आणि मुक्त रोकड ३६४ ने सुधारली. मात्र हा २०५ मी जसाच्या तसा मानत नाही. ट्रेड्सवर वटवलेली ६० ची बिलं ३१ मार्चला येण्यांतून गेलेली होती. ती कंपनीवर परत येत नाहीत हे खरं, पण उद्या ग्राहकाने व्यासपीठ सोडलं तर तेवढे पैसे पुन्हा येण्यांत अडकतील. ते वगळले तर १४५. शिवाय ४३ब(ह) मुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्राहकांनी पैशांचा पाऊस पाडला. त्यामुळे येणी वर्षअखेरीस ६५ दिवसांवर दिसली, जूनमध्ये पुन्हा ७० च्या पुढे होती. एका दिवसाच्या ताळेबंदावरून वर्षभराचा फ्री कॅश फ्लो काढला की असा फसवा रंग चढतोच.

त्याच कलमाची दुसरी बाजू कुणी आधी मोजलीच नव्हती. पॅटर्नवाले, जॉबवर्कवाले, कोअर करणारे, असे कंपनीचे पुरवठादारही सूक्ष्म आणि लघुच. त्यांना ७०-७५ दिवसांनी पैसे देण्याची जुनी सवय मार्चमध्ये मोडावी लागली आणि देणी ४३० वरून ३६५ वर आली. ग्राहकांकडून मोकळे झालेले पैसे मोठ्या प्रमाणात तिकडेच गेले.

मालकांच्या हाती काय आलं? २०५ मधून करबचत धरून व्याजाचे ७३ आणि हप्त्यांचे ९६ गेले, उरले ३६. त्यातले १० भावांना परत, २६ सीसीत. सीसी ३९० वरून ३६४ वर. धाकट्यांची अपेक्षा याहून बरीच मोठी होती. पण आधीच्या वर्षी १५० ने चढलेला आकडा पहिल्यांदा उतरला, आणि सीसी वाढवून मागण्याचा अर्ज बँकेत गेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णयाचा खरा क्षण एप्रिल २०२३ नव्हता, तो सप्टेंबर २०२२ होता, व्हीएमसींचा. तेव्हा येणी आधीच वाढू लागली होती. मशीन्स चार महिने उशिरा घेतली असती, किंवा तोवर रफ काम बाहेर दिलं असतं, तर संचालकांच्या घरच्या ४० ची गरज बहुधा पडली नसती.

विक्री ६०० ने वाढणार हे वर्षाच्या सुरुवातीला दिसत होतं. सुरुवातीचं खेळतं भांडवल विक्रीच्या जवळपास १८ टक्के होतं. म्हणजे काहीही न बिघडता, निव्वळ वाढीसाठीच, १०६ लागणार होते. उरलेले दोनशेच्या वर शिस्त सुटल्यामुळे गेले. हे दोन आकडे वेगळे काढले असते तर ‘वाढीत अशी ओढाताण होतेच’ या समजुतीमागे निम्म्याहून जास्त गळती लपली नसती.

पुरवठादारांबाबत ऑक्टोबरपासूनच हप्त्याहप्त्याने दिवस कमी करायला हवे होते. मार्चमध्ये एकदम भरल्याने शेवटच्या आठवड्यात सीसी मर्यादेला टेकली होती.

अर्ध्या ऑर्डरबद्दल माझं मत अजून पक्कं नाही. धाकटे म्हणतात तसं उरलेली अर्धी दुसऱ्या फाउंड्रीकडे गेली आणि तिने भाव पाडला. पूर्ण ऑर्डर ४५ दिवसांच्या अटीवर मिळाली असती तर खेळतं भांडवल २५७ ऐवजी १२६ लागलं असतं, पण यंत्रांसह ५४६ आणि वसुली पाच वर्षांच्या पुढेच. ३९० वर टेकलेल्या सीसीसह तो डाव खेळण्याजोगा नव्हता असं मला वाटतं. सीसी २४० वर असती तर कदाचित मीही होकाराच्या बाजूने बोललो असतो.

आता मुलगी दर महिन्याच्या १० तारखेला एक पान काढते: एबिटडा, कर, येणी-साठा-देणीतला फरक, यंत्रखर्च, आणि खाली एक आकडा. येणी महिनाअखेरच्या एका दिवसाची न घेता चार आठवड्यांच्या सरासरीने. वटवलेली बिलं वेगळ्या ओळीत. २५ च्या वरचा कुठलाही यंत्रखर्च त्या पानावर आधी मांडल्याशिवाय पुढे जात नाही, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये घसाऱ्याच्या नावाखाली आलेली शॉट ब्लास्टिंग मशीनची मागणी तिथेच जानेवारीपर्यंत थांबवली गेली.